‘कारण अज्ञात’ : पक्षाघात आणि हृदय यांच्या नात्याचा शोध

आपल्याकडे गावात कुणाचा एक हात आणि एक पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, की लोक म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ कुणी ‘लकवा मारला’ म्हणतं, तर छापील मराठीत अर्धांगवायू किंवा पक्षाघात. या शब्दांत वारा आणि वायू का आले याचं उत्तर जुनं आहे. चरकसंहितेत या विकाराची गणना वातव्याधींमध्ये केलेली आहे. ग्रीकांचा ‘ॲपोप्लेक्सिया’ आणि इंग्रजांचा ‘स्ट्रोक’ या दोन्ही शब्दांचा अर्थ ‘तडाखा’ असाच. कुठूनसा एक फटका येतो आणि धडधाकट माणूस खाली पडतो, एवढंच सगळ्यांना दिसत होतं. तो फटका येतो कुठून, हे मात्र कुणालाच दिसत नव्हतं.

आज एमआरआय आहे, इको आहे, शेकडो प्रकारच्या रक्ततपासण्या आहेत. तरीसुद्धा मेंदूची रक्तवाहिनी बंद पडून झालेल्या पक्षाघातांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर कागदावर लिहितात ‘क्रिप्टोजेनिक’, म्हणजेच कारण अज्ञात. घरच्यांना हा शब्द फार जड जातो. कारणच कळलं नाही, तर पुन्हा होणार नाही हे कशावरून? औषध द्यायचं ते कशावर? या प्रश्नांचा माग काढत वैद्यकशास्त्र गेली दीडशे वर्षं मेंदूकडून हृदयाकडे कसं आलं, त्याची ही गोष्ट.

मेंदूतला आजार, उगम दुसरीकडे

स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन गावचा डॉक्टर योहान याकोब वेप्फर याने पक्षाघाताने मेलेल्या रुग्णांची शवविच्छेदनं केली आणि 1658 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. मेंदूत रक्तस्राव होतो हे त्याने दाखवलं, आणि मेंदूला जाणाऱ्या धमन्या बंद झाल्या तरी हाच परिणाम होऊ शकेल असंही सुचवलं. आजच्या भाषेत बोलायचं तर पाइप फुटणं किंवा पाइप तुंबणं, असे हे दोन प्रकार. अमेरिकेत आज होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे 87 टक्के तुंबण्याचे असतात.

पण पाइप तुंबतो कशाने? पुढची दोनशे वर्षं उत्तर असं होतं की तो जागच्या जागी तुंबतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो याने वेगळीच गोष्ट सिद्ध केली. रक्ताची गुठळी एका ठिकाणी तयार होते, तिथून सुटते, प्रवाहाबरोबर वाहत जाते आणि दूरवर जाऊन अडकते. ‘थ्रॉम्बोसिस’ आणि ‘एम्बोलिझम’ हे दोन्ही शब्द त्याच्यामुळेच वैद्यकात रूढ झाले. जिथे अडथळा दिसतो तिथेच त्याचं मूळ असतं असं नाही, हा विचार त्या काळी अगदी नवा होता. आम्हा आयटीवाल्यांना तो लगेच पटतो. स्क्रीनवर एरर एका मॉड्यूलमध्ये दिसते आणि खरी गडबड तीन सर्व्हर मागे असते.

तीन बोटं जातील एवढं छिद्र

फिर्खोचा शिष्य युलिउस कोनहाइम हा ब्रेस्लाउ, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफ इथे प्राध्यापक होता. 1877 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्याने 35 वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत दिली आहे. मेंदूच्या मुख्य धमनीत गुठळी अडकून ती मरण पावली होती. शवविच्छेदनात गुठळीचा उगम सापडला, पण तो पायाच्या शिरेत! हे कोडंच होतं. पायाच्या शिरेतली गुठळी हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि तिथून फुप्फुसात जाते. फुप्फुसाची जाळी एवढी बारीक की ती गुठळी पलीकडे जाऊच शकत नाही. मग ती मेंदूत पोचली कशी?

कोनहाइमने पुन्हा हृदय तपासलं. वरच्या दोन कप्प्यांच्या, म्हणजे अलिंदांच्या, मधल्या पडद्याला एक छिद्र होतं. त्यातून तीन बोटं सहज जात होती. गुठळीने फुप्फुसाचा रस्ता टाळून उजवीकडून डावीकडे परस्पर उडी मारली होती.

हे छिद्र काही नवीन नव्हतं. दुसऱ्या शतकातल्या गेलनला ते ठाऊक होतं. रक्ताभिसरण सिद्ध करणाऱ्या विल्यम हार्वेनेही 1628 च्या ग्रंथात त्याचा विचार केला आहे. आईच्या पोटात असताना आपण सगळेच या छिद्रावर जगतो. गर्भाची फुप्फुसं काम करत नसतात. आईकडून आलेलं शुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि या लंबगोल झरोक्यातून डावीकडे जातं. जन्मल्यावर बाळ पहिला श्वास घेतं, फुप्फुसं उघडतात, डावीकडचा दाब वाढतो आणि एक पातळ पडदा दारासारखा त्या झरोक्यावर बसतो. पुढे तो बहुतेकांच्या बाबतीत कायमचा चिकटतो.

सगळ्यांच्या बाबतीत मात्र चिकटत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 965 हृदयं तपासून 1984 मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात 27.3 टक्के हृदयांमध्ये हे दार नुसतं लोटलेलं होतं, कडी लागलेली नव्हती. म्हणजे आपल्या गणेशोत्सवाला चारशे माणसं जमली, तर त्यातल्या शंभरएक जणांचं दार असं असणार. खोकला आला, जड बॅग उचलली, शौचाला जोर लावला की क्षणभर उजवीकडचा दाब वाढतो आणि दार किलकिलं होतं. बहुतेकांना जन्मभर याचा पत्ताही लागत नाही.

ठोका चुकलेलं हृदय

गुठळी येण्याचा दुसरा रस्ता हृदयाच्या आतच होता. नेदरलँड्सच्या आइंटहोवेनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजीचं यंत्र बनवलं. 1909 मध्ये लंडनच्या थॉमस लुइस याने त्याच्या मदतीने दाखवलं की काही रुग्णांची नाडी पूर्णपणे अनियमित असते, कारण त्यांची अलिंदं आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात. हेच ‘एट्रिअल फिब्रिलेशन’. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखा एक छोटा खिसा असतो. अलिंद थरथरायला लागलं की त्या खिशात रक्त साचून राहतं, आणि साचलेलं रक्त गोठतं.

सांधेदुखीच्या तापाने, म्हणजे रुमॅटिक फीव्हरने झडप खराब झालेल्या रुग्णांमध्ये हे डॉक्टरांना पुष्कळ दिसत होतं. पण झडप चांगली असेल तर? ‘वयाबरोबर ठोका थोडा चुकतो, त्यात काय’ असंच बहुतेकांचं मत होतं. ते मोडीत निघालं आपल्या अगदी शेजारी.

ॲशलंडच्या श्रीलक्ष्मी मंदिरात जाताना आपण ज्या फ्रेमिंगहॅमवरून जातो, रूट 9 वर ज्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालतो, त्या गावाने वैद्यकाचा इतिहास बदलला आहे. 1948 मध्ये इथल्या 5,209 स्त्री-पुरुषांची नोंदणी झाली आणि दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी सुरू झाली. आजार झाल्यावर माणसाला तपासायचं नाही, धडधाकट माणसाला तपासत राहायचं आणि कुणाला काय होतं ते पाहायचं, अशी ही कल्पना. आज घरोघरी बोलला जाणारा ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्द फ्रेमिंगहॅमच्या 1961 च्या लेखामुळे रूढ झाला. 1994 पासून आशियाई आणि भारतीय वंशाच्या रहिवाशांनाही या अभ्यासात घेण्यात आलं.

या अभ्यासाच्या 24 वर्षांच्या नोंदींवरून 1978 मध्ये फिलिप वुल्फ आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की झडप चांगली असून ठोका अनियमित असेल, तर पक्षाघाताचा धोका पाचपटीहून अधिक वाढतो. झडप खराब असेल तर तो सतरापट होतो. ‘त्यात काय’ म्हणण्यासारखं काही उरलंच नाही. 1989 पासून डेन्मार्क, बॉस्टन आणि इतर ठिकाणी चाचण्या झाल्या आणि वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीने अशा रुग्णांमधले सुमारे दोन तृतीयांश पक्षाघात टळतात हे सिद्ध झालं.

जहाजाच्या कारखान्यातलं यंत्र

हे सगळं ईसीजी आणि शवविच्छेदनावर चाललं होतं. जिवंत माणसाचं हृदय आतून कसं पाहायचं? स्वीडनमधल्या लुंड शहरात इंगे एडलर नावाचा हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुट हेर्ट्झ नावाचा भौतिकशास्त्रज्ञ याच प्रश्नावर विचार करत होते. मालमो बंदरातल्या कॉकुम्स जहाजबांधणी कारखान्यात पोलादातल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं एक यंत्र वापरत असत. हेर्ट्झने आधी त्यावर प्रयोग करून पाहिला, मग तसंच एक यंत्र सीमेन्सकडून मिळवलं, आणि 29 ऑक्टोबर 1953 रोजी दोघांनी हलत्या हृदयाचा पहिला प्रतिध्वनी टिपला. आपण ज्याला सहज ‘इको काढून घ्या’ म्हणतो, तो इथून सुरू झाला.

1968 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे रेमंड ग्रामियॅक आणि प्रवीण शहा यांनी दाखवलं की शिरेतून द्रव टोचला की त्यातले सूक्ष्म बुडबुडे इकोत ढगासारखे दिसतात. हे बुडबुडे फुप्फुसाच्या जाळीत अडकून पडतात. म्हणून ते हृदयाच्या डाव्या बाजूला लगेच दिसले, तर मधल्या पडद्याचं दार उघडं आहे हे नक्की. कोनहाइमला शवविच्छेदनात जे दिसलं, ते आता जिवंत माणसात दहा मिनिटांत दिसू लागलं.

‘इतर’ नावाचा कप्पा

1971 मध्ये लंडनजवळ विम्बल्डनच्या एका इस्पितळात गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅनवर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला. आता सगळ्यांची कारणं सापडतील असं वाटत होतं. पण अमेरिकेत सरकारी मदतीने 1980 च्या दशकात जमवलेल्या ‘स्ट्रोक डेटा बँक’ने वेगळंच सांगितलं. धमनी बंद पडून पक्षाघात झालेल्या 1,273 रुग्णांपैकी 508 जणांचं, म्हणजे 40 टक्के लोकांचं कारण सापडलं नव्हतं.

1993 मध्ये ‘टोस्ट’ नावाची वर्गवारी आली. ती आजही वापरतात. तिच्यात पाच कप्पे आहेत. मोठ्या धमनीतला चरबीचा थर, हृदयातून आलेली गुठळी, बारीक धमन्यांचा आजार, इतर ठरलेली कारणं, आणि पाचवा ‘अनिश्चित’. या पाचव्या कप्प्यात तीन प्रकारची माणसं एकत्र टाकलेली आहेत. सगळं तपासूनही काही न सापडलेली, एकाऐवजी दोन कारणं सापडलेली, आणि पुरेशी तपासणीच न झालेली. ज्याने कधी डेटाबेस बनवला आहे, त्याला हा कप्पा ओळखीचा वाटेल. ‘इतर’ असा एक कॉलम ठेवला की सगळा गोंधळ त्यात जाऊन बसतो. म्हणूनच ‘कारण अज्ञात’ हे वाचल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा की शोधून सापडलं नाही, की शोधलंच नाही?

छिद्र सापडलं, पण गुन्हेगार?

1988 मध्ये फ्रान्समधल्या लेशा आणि सहकाऱ्यांनी 55 वर्षांखालच्या 60 पक्षाघाताच्या रुग्णांचा बुडबुड्यांचा इको केला. 40 टक्क्यांमध्ये दार उघडं सापडलं. तुलनेसाठी घेतलेल्या 100 जणांमध्ये हे प्रमाण 10 टक्के होतं. ज्यांचं काहीच कारण सापडलं नव्हतं, त्यांच्यात ते 54 टक्क्यांवर गेलं. सगळ्यांना वाटलं, चोर सापडला. कॅथेटरमधून छत्रीसारखी घडी घातलेली जाळी नेऊन हे छिद्र बंद करण्याची युक्तीही निघाली.

2005 साली हा विषय इथल्या घराघरात पोचला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा 31 वर्षांचा खेळाडू टेडी ब्रुस्की याला सुपर बोल जिंकल्यानंतर थोड्याच दिवसांत पक्षाघात झाला. छिद्र सापडलं, बंद केलं आणि ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इस्रायलचे पंतप्रधान एरियल शेरॉन यांना 77 व्या वर्षी सौम्य पक्षाघात झाला. त्यांच्याही हृदयात छिद्र सापडलं. ते बंद करण्यासाठी 5 जानेवारी 2006 हा दिवस ठरला आणि तोपर्यंत रक्त पातळ ठेवण्याचं औषध सुरू झालं. 4 जानेवारीला त्यांच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. ते 2014 मध्ये मृत्यू येईपर्यंत पूर्ण शुद्धीवर आलेच नाहीत.

दोन माणसांवरून निष्कर्ष काढता येत नाही. पण प्रश्न समजायला या दोन हकीकती पुरेशा आहेत. चार माणसांत एकाला असणारं छिद्र पक्षाघाताच्या रुग्णात सापडलं, तर ते कारण की योगायोग? आणि संशयितावर उपचार करताना उपचारानेच घात झाला तर?

याचं उत्तर मिळायला बारा वर्षं लागली. 2012 मध्ये 909 रुग्णांची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली आणि छिद्र बंद केल्याचा ठोस फायदा दिसला नाही. 2013 मध्ये आणखी दोन चाचण्या आल्या, त्यांचेही निकाल संदिग्ध होते. ज्यांनी हजारो छिद्रं आधीच बंद केली होती, त्यांच्यावर टीका झाली. मग 2017 च्या सप्टेंबरमध्ये एकाच दिवशी तीन चाचण्यांचे निकाल आले. त्यातल्या फ्रेंच चाचणीत रुग्ण निवडून घेतले होते. वय 60 पर्यंत, छिद्र मोठं किंवा पडदा सैल, आणि दुसरं कोणतंही कारण नाही. पाचेक वर्षांत नुसत्या ॲस्पिरिनसारख्या औषधावर असलेल्या 235 जणांपैकी 14 जणांना पुन्हा पक्षाघात झाला, छिद्र बंद केलेल्या 238 जणांपैकी एकालाही नाही. मात्र जाळी बसवल्यावर काहींना ठोका चुकण्याचा त्रास सुरू झाला, हेही नोंदवलं गेलं.

म्हणजे चोर सापडला होता तो काही घरांतला, सगळ्या घरांतला नव्हे. तरुण रुग्ण, मोठं छिद्र, रक्तदाब-मधुमेह-तंबाखू काही नाही, तर छिद्रावर संशय घ्यायला जागा आहे. सत्तरीतल्या, रक्तदाब असलेल्या माणसाचं तेच छिद्र बहुधा निरपराध असतं.

कधीतरीच दिसणारी चूक

मग उरलेल्यांचं काय? थरथरणारं अलिंद कधीकधी दिवसातून पाच मिनिटंच थरथरतं. इस्पितळात ईसीजी काढताना ठोका अगदी नियमित असतो. आमच्या धंद्यात याला ‘इंटरमिटंट बग’ म्हणतात. समोर बसलं की सगळं सुरळीत, पाठ वळली की बंद. त्यावर उपाय एकच, लॉग चालू ठेवून वाट पाहायची. 2014 मध्ये नेमकं हेच केलेल्या चाचणीचे निकाल आले. अज्ञात कारणाच्या 441 रुग्णांपैकी निम्म्यांच्या छातीच्या कातडीखाली पेनड्राइव्हएवढं नोंद करणारं यंत्र बसवलं होतं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी 30 टक्के लोकांत एट्रिअल फिब्रिलेशन सापडलं, तर नेहमीच्या तपासण्यांवर ठेवलेल्यांत फक्त 3 टक्के.

तेवढ्याने कोडं सुटलं नाही. पेसमेकर असलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात ज्या 51 जणांना पक्षाघात किंवा दुसरीकडे गुठळीचा त्रास झाला, त्यांच्यापैकी फक्त चौघांच्या यंत्रात आधीच्या 30 दिवसांत थरथर नोंदलेली होती. मग थरथर हे कारण की लक्षण? काही तज्ज्ञ म्हणू लागले की मूळ आजार अलिंदाच्या भिंतीचाच असावा. भिंत ताणली जाते, तिच्यात व्रणासारखे तंतू तयार होतात, तिचं आकुंचन मंदावतं. त्यातून कधी थरथर होते, कधी गुठळी, कधी दोन्ही.

कल्पना सुंदर होती. मग अज्ञात कारणाच्या सगळ्यांनाच रक्त पातळ ठेवण्याचं नवं औषध द्यावं का? 2018 मध्ये 7,213 आणि 2019 मध्ये 5,390 रुग्णांच्या चाचण्यांनी उत्तर दिलं, ॲस्पिरिनपेक्षा फायदा नाही, पहिल्या चाचणीत तर रक्तस्राव जास्त. बरं, मग फक्त ज्यांच्या अलिंदात बिघाडाच्या खुणा आहेत त्यांनाच द्यावं का? ‘आर्केडिया’ नावाच्या चाचणीत अशा 1,015 रुग्णांवर हे करून पाहिलं. 2024 मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत पुन्हा पक्षाघात होण्याचं प्रमाण वर्षाला 4.4 टक्के. तंतोतंत सारखं.

आपल्यासाठी काय?

या इतिहासातून मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो अशा अपयशी निकालांचा. पटणारी कल्पना आणि सिद्ध झालेली कल्पना यांतलं अंतर मोजायला हजारो रुग्णांनी आपलं नाव चाचणीत दिलं. त्यांच्यामुळे पुढच्या रुग्णाला नको असलेलं औषध मिळणार नाही.

भारतातल्या आपल्या माणसांसाठी आणखी एक गोष्ट. इथे विस्मरणात गेलेला रुमॅटिक झडपेचा आजार तिथे अजून आहे. गावाकडे कुणी मावशी वर्षानुवर्षं ‘ॲसिट्रोम’ घेत असते, महिन्याला रक्त तपासायला तालुक्याला जाते. इथून फोनवर आपण ‘नवीन गोळी घे, रक्त तपासावं लागत नाही’ असा सल्ला देऊ नये. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा रुग्णांसाठी त्या जुन्या जातीच्या गोळ्याच नव्यापेक्षा सरस ठरल्या.

आणि कारण ज्ञात असो वा अज्ञात, पहिले काही तास सगळ्यांना सारखेच मोलाचे. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी इथे 911 आणि महाराष्ट्रात 108 ला फोन करावा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ‘वारं गेलं असेल, सकाळी बघू’ म्हणून झोपू नये.

कोनहाइमच्या वेळी कारण माणूस मेल्यावर सापडायचं. 1980 च्या दशकात शंभरातल्या चाळिसांचं सापडत नव्हतं. आज पंचवीसच्या आसपास आहेत. तेव्हा उद्या कुणाच्या कागदावर ‘कारण अज्ञात’ असं दिसलं, तर ती फाइल बंद झाली असं समजू नये. डॉक्टरांना दोन प्रश्न नक्की विचारावेत. हृदयाचा ठोका किती दिवस नोंदवला? आणि बुडबुड्यांचा इको झाला का? शोध अजून चालू आहे आणि त्यात विचारणाऱ्या माणसालाही जागा आहे.